वेगवान बोट आणि तिचे दोन पंखे



बंदर नसलेल्या गावात बोटीच्या पंख्यावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आजची विषयपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपली नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी होते. तीत एंजिनाची बोट चालवायची झाली तर ती खांद्यावरूनच न्यावी लागेल. परंतु या विषयात एक गोष्ट अशी आहे की ती बोटीपुरती राहत नाही. शक्ती मिळवणे सोपे असते. ती शक्ती कामाला योग्य रीतीने जोडणे अवघड असते. ज्याच्या घरी पाण्याचा पंप आहे, ज्याने सायकलीवरून घाट चढला आहे, त्याला हे थोडेफार ठाऊक आहेच. दोन एंजिनांच्या अतिवेगवान बोटीत ही गोष्ट फार उघडपणे दिसते, म्हणून आज आम्ही ती बोट आपल्यापुढे आणली आहे.

प्रथम पंखा म्हणजे काय ते पाहू. घरातला पंखा हवा ढकलतो, बोटीचा पंखा पाणी मागे ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. परंतु त्याचे मूळ मळसूत्रात आहे. लाकडात स्क्रू पिळला की तो दर फेरीस एका आट्याएवढा आत शिरतो. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रजाने १८३६ साली बोटीसाठी अशा मळसूत्राचे पेटंट घेतले. त्याचे मळसूत्र लाकडी होते आणि त्याला दोन पूर्ण आटे होते. १८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात बोट चालवीत असता ते कशावर तरी आपटले आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबेल असे वाटले होते. ती उलट अधिक वेगाने धावू लागली! जास्त आटे म्हणजे जास्त जोर हा समज त्या दिवशी पाण्यात बुडाला. पुढे १८४५ साली इंग्रजी आरमाराने पंख्याचे ‘रॅटलर’ आणि बाजूच्या चाकांचे ‘अलेक्टो’ ही जवळपास सारख्या शक्तीची दोन जहाजे शेपटीला शेपटी बांधून ओढायला लावली. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला, तिची चाके पूर्ण जोराने फिरत असताना, अडीच नॉटांहून अधिक वेगाने मागे ओढत नेले. तेव्हापासून पंख्याचे राज्य सुरू झाले.

पंख्याची ओळख मुख्यतः दोन आकड्यांनी होते. पहिला व्यास. पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी ती ही. दुसरा पिच, म्हणजे पाणी लाकडासारखे घट्ट असते तर एका फेरीत पंखा किती पुढे सरकला असता ते अंतर. पंख्यावर १५ गुणिले २६ असे कोरलेले असेल तर व्यास १५ इंच आणि पिच २६ इंच असे समजावे. पिचला आम्ही सायकलीच्या गिअरची उपमा देतो. जड गिअरमध्ये एका पायडलीत सायकल लांब जाते, पण चढावर पाय अडतात. हलक्या गिअरमध्ये चढ सुखाने चढतो, पण उतारावर पाय नुसते भिरभिरतात आणि सायकल काही पळत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कोकणातल्या कोणत्याही बंदरावर ओढून ठेवलेल्या ट्रॉलरच्या मागे जाऊन उभे राहावे. पंखा मोठा, पाती रुंद, पिच बेताचा. त्याला जाळे ओढायचे आहे, शर्यत जिंकायची नाही. तेवढ्याच शक्तीच्या वेगवान बोटीचा पंखा पाहिला तर तो आकाराने लहान, पण पिच मोठा. एकाला बैलाचे काम आहे, दुसऱ्याला घोड्याचे. बैलाचा नाल घोड्याला ठोकून चालत नाही.

आता पाणी काही लाकूड नव्हे. ते मागे सरकते. त्यामुळे पंखा हिशेबाएवढा पुढे जात नाही. या तुटीला आपण घसर म्हणू. हिशेब सोपा आहे. पंख्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना पिचच्या इंचांनी गुणावे आणि १०५६ ने भागावे, म्हणजे ताशी मैल येतात. हा १०५६ कुठून आला? एका मैलात ६३,३६० इंच असतात. त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी भागले की १०५६. आलेल्या उत्तरातून घसर वजा करावी. चांगल्या वेगवान बोटीत ती शेकडा दहा-बाराच्या आसपास असते, जड बोटीत पुष्कळ अधिक.

हा हिशेब हाती घेऊन आपण एक बोट बांधू. बोट कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या खऱ्या बोटी अमेरिकेच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवर पुष्कळ आहेत. तिला एक एंजिन आहे. ते मिनिटाला ५००० फेऱ्या करते आणि दातेरी चाकांमुळे दर दीड फेरीस पंखा एक फेरी करतो, म्हणजे पंख्याच्या फेऱ्या सुमारे ३३३३. पिच १८ इंच, घसर शेकडा १२. वेग येतो ताशी ५० मैल. मालकाच्या मनात येते की अगदी असेच दुसरे एंजिन शेजारी बसवले तर १०० मैल मिळतील. येथे पहिली निराशा होते. अशा बोटीचा वेग ढोबळमानाने शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती दुप्पट झाली तर वेग १.४१ पट, म्हणजे ७० मैल. त्यात दुसऱ्या एंजिनाचे वजन आले आणि पाण्यात आणखी एक पाय बुडाला. तेव्हा ६५-६६ मैल मिळाले तरी पुष्कळ झाले.

दुसरी निराशा अधिक महाग पडते. मालक म्हणतो, जुना १८ इंचाचा पंखा चांगला होता, त्याच मापाचा दुसरा घेऊ. आता प्रत्येक एंजिनावर बोटीचा भार निम्माच आहे, बोट सहज पळते आणि पंखा पाय भिरभिरावे तसा भिरभिरतो. ६५ मैलांसाठी १८ इंची पंख्याच्या एंजिनाला मिनिटाला सुमारे ६५०० फेऱ्या कराव्या लागतील. ५००० च्या एंजिनाला ६५०० फेऱ्या म्हणजे त्याच्या मरणाचे आमंत्रण. म्हणून एकाची दोन एंजिने केली की पिच वाढवलाच पाहिजे.

मग मालक उत्साहाने दुसऱ्या टोकाला जातो आणि २६ इंची पंखे आणतो. घसर न धरता कागदावर ८२ मैल येतात, म्हणून तो खूष असतो. बोट पाण्यात उतरते. पूर्ण जोर दिला तरी एंजिने ४६०० च्या वर जात नाहीत आणि वेग येतो ६६ मैल. आता जाणता कारागीर काय करतो? तो २४ इंची पंखे लावतो. पिच एका इंचाने कमी केला की एंजिनाच्या दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात, असा अनुभवाचा आडाखा आहे. दोन इंचांनी चारशे फेऱ्या वाढून एंजिने ५००० वर येतात. आणि वेग? हिशेब करून पाहा: तो जवळजवळ तोच, ६६ मैलांच्या किंचित वर. मालक म्हणतो, मग फरक काय पडला? फरक एंजिनाला पडला. २६ इंची पंख्यांनी ते रोज जड गिअरमध्ये घाट चढत होते. धापा टाकत, तापत, आतून झिजत होते. बाहेरून मात्र काहीच दिसत नव्हते, कारण वेगाचा काटा सारखाच होता. वेगाच्या काट्याबरोबर फेऱ्यांचा काटाही वाचावा, हा या शास्त्राचा पहिला धडा होय. कारखानदार एंजिनाबरोबर फेऱ्यांची एक मर्यादा देतो. पूर्ण जोरात, नेहमीच्या ओझ्यानिशी, एंजिन त्या मर्यादेत आले पाहिजे. कमी नको आणि जास्तही नको.

आता दोन एंजिनांचा खास प्रश्न. बैलजोडी जुंपणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. एक बैल तगडा आणि एक मरतुकडा असला तर गाडी वाकडी जाते आणि तगडा बैल आधी मरतो. दोन पंखे एकाच मापाचे कोरलेले असले तरी एकाचे पाते कुठे दगडाला घासून वाकलेले असते, दुसऱ्याची कड झिजलेली असते. मग एक एंजिन ५००० फेऱ्या करते, दुसरे ४९५०, आणि दोहोंच्या आवाजांची घूं-घूं अशी लाट कानाला ऐकू येते. बोटीवर वाढलेला माणूस काट्याकडे न पाहता त्या लाटेवरून जोडी बिघडल्याचे ओळखतो. म्हणून पंखे जोडीने घ्यावे, जोडीने तपासावे, आणि एक दुरुस्त केला तर दुसराही त्याच्याशी मापून पाहावा.

दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरवावे की विरुद्ध? पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा तो बोटीला उलट बाजूला कलवू पाहतो. शिवाय शेपूट एका अंगाला ढकलतो. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर ही ओढ दुप्पट होते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो. विरुद्ध दिशांनी फिरवले की दोघांची ओढ एकमेकींना खाऊन टाकते. आता विरुद्ध म्हणजे तरी कसे? मागून पाहता उजवा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि डावा उलट फिरला तर वरची पाती बाहेरच्या बाजूला जातात. ही रीत सर्वसाधारण बोटींत चालते, आणि धक्क्याला लागताना तिचा फायदा होतो. उजवे एंजिन पुढे आणि डावे मागे घातले की दोन्ही पंखे शेपूट एकाच बाजूला ढकलतात आणि बोट जागच्या जागी फिरते. याउलट पाती आत फिरवली तर काही शर्यतीच्या बोटींना, विशेषतः जोडतळाच्या बोटींना, थोडा अधिक वेग मिळतो. मात्र सुकाणू नाजूक होते. त्यामुळे हा प्रयोग सरावलेल्या हातांनीच करावा.

आणखी एक गोष्ट दोन एंजिनांचे मालक विसरतात. समुद्रात एक एंजिन बंद पडले तर दुसरे आपल्याला घरी आणील, हा त्यांचा भरवसा असतो. ते आणते, पण हळू. निम्म्या शक्तीने बोट सहसा पाण्यावर उठत नाही. ती पाण्यात रुतून चालते. त्या वेळी ६६ मैलांसाठी निवडलेला पंखा त्या एकट्या एंजिनाला फारच जड होतो. अशा वेळी पूर्ण जोर देऊ नये. सावकाश यावे, नाहीतर दुसरे एंजिनही जाते आणि मग वल्ह्यांची आठवण होते.

येथपर्यंत पिचचा विचार झाला. परंतु वेग वाढू लागला की पाणीच दगा देते, आणि ही कथा मोठी मनोरंजक आहे. १८९३-९४ साली इंग्रजी आरमाराच्या ‘डेअरिंग’ नावाच्या दोन पंख्यांच्या विनाशिकेच्या चाचण्या चालू होत्या. करार २७ नॉटांचा होता. एंजिने भरपूर होती, पंखे जोरात फिरत होते, परंतु वेग काही गाठला जाईना. थॉर्निक्रॉफ्ट आणि सिडनी बार्नबी यांनी शोध लावला की पात्यांच्या पाठीवर पाणी टिकतच नव्हते; तेथे पोकळी पडत होती. आर. ई. फ्रूड यांनी तिला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव सुचवले. पात्यांचे क्षेत्रफळ शेकडा ४५ ने वाढवले आणि तेच जहाज करारापलीकडे धावले.

पोकळी का पडते? महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आधीच, साधारण ९५-९६ अंशांवर उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी. दाब आणखी कमी करत गेलो तर ३० अंशांचे साधे पाणीसुद्धा उकळते. त्यासाठी दाब नेहमीच्या सुमारे चोविसाव्या हिश्शावर यावा लागतो. वेगाने कापत जाणाऱ्या पात्याच्या पाठीवर दाब तितका उतरतो आणि थंड पाणी तेथे अक्षरशः उकळते. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की फटकन मिटतात आणि प्रत्येक मिटणारा बुडबुडा धातूवर सूक्ष्म हातोडा मारतो. असे असंख्य घाव बसून चांगल्या कांशाचे पाते वाळवी लागल्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे होते.

चार्ल्स पार्सन्स यांना हाच शत्रू भेटला. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी त्यांची ‘टर्बिनिया’ १८९४ साली पाण्यात उतरली. टर्बाइन भन्नाट फिरे आणि बोट २० नॉटही गाठीना. पार्सन्स यांनी एंजिनाला दोष दिला नाही. त्यांनी १८९५ साली पाण्याची एक पेटी बनवली, तीत पंखा फिरवला आणि पोकळी डोळ्यांनी पाहिली. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी संचलनात ‘टर्बिनिया’ आरमाराच्या रांगांतून ३४ नॉटांच्या वेगाने निघून गेली आणि तिला धरायला पाठवलेली जहाजे मागेच राहिली. ती आज न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. एंजिनाचे तत्त्व तेच राहिले. फरक पडला तो मुख्यतः शक्ती पाण्याला देण्याच्या रीतीत.

आजच्या शर्यतीच्या बोटींनी तर शत्रूशी तहच केला आहे. पाण्याखाली पोकळी पडणारच असेल तर पंखा अर्धा पाण्याबाहेरच ठेवावा, म्हणजे पात्याच्या पाठीवर वाफेऐवजी वरची हवा शिरते. हवा वाफेसारखी फटकन मिटत नाही, त्यामुळे घावही बसत नाहीत. शिवाय दांडा आणि गाभा पाण्याबाहेर आल्यामुळे त्यांचा अडथळा वाचतो. अमेरिकेत अल्बर्ट हिकमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्याच दशकात असे पंखे आपल्या ‘सी स्लेड’ बोटींना वापरले होते. अशा पंख्याची पाती मागच्या कडेला जाड असतात, चॉपरने तोडल्यासारखी. पण यालाही किंमत आहे: बोट थांबलेली असते तेव्हा संपूर्ण पंखा पाण्यात बुडतो आणि एंजिनाला सुरुवातीचा जोर फार लागतो. सामान्य सहलीच्या बोटीला हा दागिना शोभत नाही.

बाकीचे निर्णय थोडक्यात सांगतो. पाती तीन असली तर कमाल वेग चांगला मिळतो. चार-पाच असली तर कंप कमी होतो, लाटेत पकड सुटत नाही, बोट लवकर उठते, वेग मात्र थोडा जातो. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त; तो जोराखाली किंचित वाकतो. पोलादी पंखा पातळ आणि ताठ, म्हणून वेगाला चांगला. पण खडकावर आपटला तर तो स्वतः वाचतो आणि धक्का आतल्या दात्यांना देतो. यांपैकी कोणतीही निवड सर्वार्थाने श्रेष्ठ नाही. १९६० सालच्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेली, खोल व्ही आकाराच्या तळाची ‘मॉपी’ ही दोन एंजिनांची बोट खवळलेल्या समुद्रात इतरांच्या पुष्कळ आधी पोहोचली. सपाट पाण्यावर तिच्याहून वेगवान बोटी होत्या. परंतु समुद्र सपाट नव्हता, आणि जिच्या तळाने व पंख्यांनी लाटेत पाणी सोडले नाही ती जिंकली.

तर मग निवड कशी करावी? आमचे उत्तर असे: हिशेबाने जवळ जावे आणि चाचणीने नेमके ठरवावे. टाकीत नेहमीचे तेल आणि बोटीवर नेहमीची माणसे घ्यावी. एकाच पट्ट्यात जाऊन आणि परत येऊन, दोन्ही वेगांची सरासरी काढावी, म्हणजे वारा आणि ओढ यांचा हिशेब चुकता होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि सगळे वहीत लिहावे, कारण स्मरणशक्ती नेहमी आपल्या आवडत्या पंख्याच्या बाजूने साक्ष देते.

आणि चाचणी मोकळ्या पाण्यातच घ्यावी. हे सांगताना आमचा आवाज जड होतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर एंजिनाची चाचणी घेणारी एक वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. त्यात पंख्याचा संबंध होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु चाचणी म्हणजे यंत्र काय करील हे अजून ठाऊक नसणे. आणि जे ठाऊक नाही ते माणसांच्या गर्दीत करून पाहावयाचे नसते. पंख्याचेही तेच. आपल्या हिशेबातला तीन पात्यांचा पंखा सेकंदाला सुमारे १६६ वेळा एकाच जागेवरून पाते फिरवतो. पोहणाऱ्या माणसाला त्यातून हात मागे घ्यायला वेळच नाही. म्हणून कोणी पाण्यात असेल तर एंजिन नुसते मोकळे करू नये, बंद करावे. आणि चालकाच्या मनगटाला ती दोरी बांधलेली असावी, जी तो फेकला गेला तर एंजिन थांबवते. दोरी काही रुपयांची असते. ती न बांधण्याचे कारण बहुधा आळस असतो, कधी ऐट असते.

श्रोतेहो, आपल्यापैकी फारच थोडे जण कधी अशी बोट घेतील. परंतु पंप, मोटार, चक्की आपल्या दारी आहेत. कधी यंत्र अपेक्षेएवढे काम देईनासे झाले तर लगेच मोठे यंत्र आणायला धावू नका. आधी पाहा, शक्ती कमी आहे की जोडणी चुकली आहे. ‘डेअरिंग’ला नवी एंजिने लागली नाहीत, पाती बदलावी लागली.